चेन वाढली

आमच्या माहेरी कधी काही तुटलं नाही, फुटलंही नाही. जे मोडायचं ते 'वाढायचं'. मंगळसूत्र तुटलं तर वाढलं म्हणावं, बांगडी फुटली तर वाढली म्हणावं, ही रीत तशी सगळ्यांकडेच असते. पण माझ्या आईनं ती कपबशीपासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत सगळ्याला लावून टाकली होती. तुटलं हा शब्द घरात उच्चारला की आणखी काहीतरी तुटायला टपून बसतं, असं तिचं ठाम मत होतं. मी ती सवय सासरी घेऊन आले. लग्नानंतर थोड्याच दिवसांत लोणच्याची बरणी माझ्या हातून निसटली. 'अहो, बरणी वाढली,' मी स्वयंपाकघरातून म्हटलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, 'मग आता किती किलोची झाली?'

हे म्हणजे माझे यजमान. शाळेत गणित शिकवायचे, आणि गणितात जसे शिल्लक काही ठेवत नाहीत तसंच बोलण्यातही ठेवत नसत. कौतुक तर त्यांनी कुणाचं केल्याचं मला आठवत नाही. वर्गात पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्यालाही 'ठीक आहे, पुढच्या वेळी अक्षर सुधार' एवढंच मिळायचं. मला त्याचा पूर्वी राग यायचा, मग सवय झाली.

आता ते पुण्याजवळ मांजरीला असतात, वृद्धांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत. आधी किल्ल्या विसरायला लागले, मग वाटा, मग माणसं. एकदा सकाळी दूध आणायला म्हणून गेले ते कात्रजला सापडले, तेव्हा मुलीनं बंगळुरूहून येऊन हा निर्णय घेतला. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हापासून मी एकटी राहते. कुकरच्या शिट्या मोजायलाही दुसरं माणूस लागतं हे मला तेव्हा कळलं. एकटीच मोजायला गेले की दोन झाल्या का तीन, ते कुणाला विचारणार?

दुपारचं जेवण मात्र मी नेते. रोज सकाळी स्वयंपाक उरकायचा, डबा भरायचा, पिशवी हँडलला अडकवायची आणि सायकलवरून मांजरीला जायचं. संस्थेत जेवण चांगलं असतं, माझी तक्रार नाही. सकाळची पेज, रात्रीचा दूधभात हे तिथल्या मावशींच्या हातून निमूट घेतात. पण दुपारचं ताट आलं की तोंड फिरवून बसतात, आणि मी जाऊन वाढलं की जेवतात. हे कसं ठरलं ते कुणालाच सांगता येत नाही. माझं नाव त्यांनी घेतल्याला खूप दिवस झाले. तसंही ते घेत नसत, 'अगं' म्हणायचे. आता तेही म्हणत नाहीत. मला ओळखतात का, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. जेवतात ना, मग ओळखत असणार, असं मी धरून चालले होते. माझ्या सगळ्या दिवसाचा डोलारा त्या एका ताटावर उभा होता.

तर त्या दिवशी, हडपसरच्या बाजारातून बाहेर पडून मी मांजरीच्या रस्त्याला लागले आणि पायडल एकदम रिकामं फिरलं. जिन्याची एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा, तसं झालं. मागे बघितलं तर चेन रस्त्यावर पडली होती. उतरून ती उचलली. तेलानं काळी झालेली, एका कडीच्या ठिकाणी उघडी पडलेली. डब्याभोवती गुंडाळलेला पेपर सोडवून त्यात ती गुंडाळली आणि पहिला विचार मनात आला तो जेवणाच्या वेळेचा. रिक्षावाल्यांना हात करून बघितला. मांजरी म्हटल्यावर पहिल्यानं मान हलवली, दुसऱ्यानं तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मोबाईलवर रिक्षा बोलावली तर ती अगदी जवळ येऊन परत गेली. कदाचित तिला माझी सायकल दिसली असावी. सायकल तशीच रस्त्यात टाकून जायला माझा जीव होत नव्हता, आणि शिवाय उद्याचं काय, हा प्रश्न होताच.

माझ्या सायकलचं काम करणारे भाई त्याच भागात, मागच्या गल्लीत आहेत. तीन पिढ्या पुण्यातल्या, दुकान वडिलांपासूनचं. आम्ही दोघं साधारण एकाच वयाचे. ते मला ताई म्हणतात. मी त्यांना फोन लावला आणि घाईघाईनं सांगितलं, 'भाई, चेन वाढली हो.'

ते म्हणाले, वाढली तर वाढू द्या, दोन कड्या काढून टाकतो, संध्याकाळपर्यंत कधीही आणा. मी म्हटलं, अहो, आत्ता आणतेय. ते म्हणाले, आणा की, घाई काय आहे. आणि फोन ठेवला. मला त्यांचा असा राग आला. माझी चेन रस्त्यात पडलेली, माझं माणूस उपाशी बसलेलं, आणि हा गृहस्थ म्हणतो घाई काय आहे.

सायकल हाताला धरून निघाले. वाटेत नव्या सायकलींचं एक काचेचं दुकान लागतं. तिथे सायकली भिंतीला टांगलेल्या असतात आणि आत एसी असतो. म्हटलं, इथेच बघावं. आतल्या तरुणानं माझ्या पेपरात गुंडाळलेल्या चेनकडे लांबूनच बघितलं. 'मॅम, ही सिंगल स्पीडची आहे. आमच्याकडे एट-स्पीड, नाईन-स्पीड, इलेव्हन-स्पीडच्या चेन्स आहेत. ही तर जाड येते ना, ती आपण कीप करत नाही.' मी विचारलं, अकरावाली एखादी बसणार नाही का? त्यानं इतक्या प्रेमानं नाही म्हटलं की मला दुकानातून बाहेर पडावंसंच वाटेना. मग कळलं की गिअरच्या सायकलची चेन बारीक असते, जेवढे गिअर जास्त तेवढी आणखी बारीक. माझ्या सायकलच्या जाड दातांवर ती बसतच नाही. माझ्याजवळचं सगळंच सध्या जुन्या मापाचं आहे, हे त्याला कशाला सांगा.

भाईंच्या दुकानाचं शटर खाली ओढलेलं होतं. फोन लावला, तर फोन शटरच्या आत वाजला. पुन्हा लावला, पुन्हा आत वाजला. शेजारच्या किराणावाल्यानं सांगितलं, भाई जेवायला घरी गेले, फोन विसरले असतील, येतील आरामात.

मी पायरीवर बसले. डबा मांडीवर घेतला. डब्याला बाहेरून हात लावला, अजून गरम होता. संस्थेत फोन केला आणि तिथल्या मावशींना सांगितलं, मला उशीर होतोय, तुम्ही जेवायला घालून बघा. त्या म्हणाल्या, 'बघते की. खाल्लं तर लई बरं होईल, रोज तुम्हाला उन्हातानाचं यावं लागतंय.' फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की ह्यांनी खाऊ नये असं मला वाटतंय. मनापासून वाटतंय. बायको म्हणून मला नवऱ्याचं पोट भरायला हवं होतं, आणि मी त्या पायरीवर बसून ते मावशींच्या हातून भरू नये असं म्हणत होते. कारण ते त्यांच्या हातून जेवले, तर मग मी रोज कशासाठी जात होते? उद्या उठून काय करायचं होतं मी? समोरून माणसं जात होती, गाड्या जात होत्या, एका बाईनं मला पत्ताही विचारला. एवढ्या रहदारीत मी माझ्या आयुष्यात इतकी एकटी कधी बसले नव्हते.

भाई आले ते दात कोरत आले. शटर वर केलं, माझ्या हातातला पेपर उघडला आणि थबकले.

'ताई, ही तुटलीय.'

'मग मी काय सांगितलं फोनवर?'

'तुम्ही म्हणालात वाढली. वाढली म्हणजे लांब झाली, ढिली झाली, आवाज करते. तशी चेन आठ दिवस चालते. तुटली म्हणाला असतात तर मी जेवायला गेलो असतो का?'

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सायकलच्या दुकानात वाढणं म्हणजे खरोखरच वाढणं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आमच्यात तुटली म्हणत नाहीत. ते म्हणाले, आमच्या घरीही बांगडी फुटली म्हणत नाहीत, ठंडी झाली म्हणतात. पण सायकलची चेन तुटली म्हणजे तुटलीच. आईची एक सवय मी आयुष्यभर बाळगली आणि तिनं माझी नेमकी ह्या दिवशी जिरवली.

भाईंनी विचारलं, जुनीच जोडून देऊ का? तुटलेली कडी काढायची, तिथे लॉक टाकायचं, लगेच निघाल. मी विचारलं, पुन्हा तुटणार नाही ना? माझ्या तोंडून तो शब्द गेला तसा गेला. ते म्हणाले, इथे नाही तुटणार, दुसरीकडे तुटेल. आज नाही, पण महिन्याभरात नक्की. मग त्यांनी खोक्यातून नवी चेन काढली आणि दोन्ही चेना जमिनीवर शेजारी शेजारी सरळ पसरल्या. एका टोकाला जुळवल्या तर दुसऱ्या टोकाला जुनी नवीपेक्षा चांगली बोटभर पुढे गेली होती. कड्या तेवढ्याच, पण प्रत्येक कडीची खीळ थोडीथोडी झिजून सगळी मिळून लांब झालेली. 'बघा,' ते म्हणाले, 'वाढली पण होतीच. तुमचं अगदीच चूक नव्हतं.' मी हसले नाही. मला हसण्याएवढा वेळ नव्हता.

नवी घ्यायची तर एक अडचण होती. मागच्या चाकाचं फ्रीव्हील जुनं, त्याचे दात जुन्या चेनबरोबर झिजलेले. नवी चेन त्याच्यावर बसत नाही, जोर पडला की दातांवरून उड्या मारते. फ्रीव्हीलही बदलायला हवं होतं, पण त्याला तासभर लागला असता. भाईंच्या मते आज जुनी जोडून न्यावी आणि उद्या निवांत दोन्ही बदलावं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण रस्त्यात पडलेली चेन मी एकदा बघितली होती, आणि ती पुन्हा मांजरीच्या वाटेवरच्या पुलाच्या चढावर पडली तर, हाच विचार मनातून जाईना. मी म्हटलं, नवीच टाका, फ्रीव्हीलचं नंतर बघू. भाई म्हणाले, हळू चालवावी लागेल. मी म्हटलं, चालवीन.

त्यांनी नवी चेन दातांवरून फिरवून माप घेतलं, जास्तीच्या कड्या पंच आणि हातोडीनं खीळ ठोकून काढल्या, आणि दोन टोकं समोरासमोर आणली. मग लॉक. ही माशासारखी दिसणारी एक इवलीशी पट्टी असते, एका बाजूनं बंद, दुसऱ्या बाजूला शेपटी फाटलेली. बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला ठेवायचं, नाहीतर कशाला तरी अडकून उघडते. एवढं मला ठाऊक होतं, कारण पूर्वी घरी चेन हे धरायचे आणि लॉक मी बसवायचे. त्यांची बोटं त्या कामाला फार जाड होती. भाईंना मी म्हटलं, द्या, मी बसवते. त्यांनी पक्कड दिली. पट्टी जागेवर टेकवली, दाबली, आणि ती टक् करून बसली. समोर चेन धरून बसलेले हात दुसऱ्या कुणाचे होते, एवढंच. मला तिथेच रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच विचारलं, ढील बरोबर आहे का. त्यांनी चाक मागे ओढून नट आवळले, अंगठ्यानं चेन दाबून बघितली आणि निघा म्हणाले.

मांजरीपर्यंत मी गोगलगाईला लाजवेल अशी गेले. जरा जोर दिला की मागे कडकड आवाज व्हायचा आणि पायडल घसरायचं. पुलावर उतरून ढकलत नेली. पुलापलीकडे एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला वीस-वीस मजल्यांच्या इमारती. त्या रस्त्यानं रोज जाते, पण त्या दिवशी तो संपेचना. घामानं हात हँडलवरून सरकत होते. ते जेवले असतील, आतापर्यंत जेवून झोपलेही असतील, असं मी स्वतःला सांगत होते, आणि प्रत्येक वेळी ते मला आवडत नव्हतं.

फाटकातच मावशी भेटल्या. 'आवो ताई, न्हाई जेवले. ताट म्होरं हाय तसंच हाय. आम्ही दोघींनी बघितलं घालून, तोंडच उघडत न्हाईत.'

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? भुकेल्या माणसाची बातमी ऐकून मला आनंद झाला. मी तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि आत गेले.

हे टेबलाशी ताठ बसले होते. संस्थेचं ताट बाजूला सारलेलं. मी त्यांच्यासमोर आपला डबा उघडला, कपाटातून त्यांचं स्वच्छ ताट काढलं आणि भात वाढायला डाव उचलला. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. पंगतीत पुरे म्हणून धरतात तसा.

'अहो, आपण कशाला तसदी घेता,' ते म्हणाले. 'आपण बसा ना. आमची ही येईल इतक्यात. ती वाढेल.'

आयुष्यभर मी त्यांना अहो म्हटलं आणि त्यांनी मला अगं. मी डाव परत भातात ठेवला. म्हणजे ते रोज थांबत होते ते तिच्यासाठी, आणि आतापर्यंत ती आणि मी एकच होतो. आज उशिरा आले ती फक्त मी होते, ती नव्हती.

'मीच ती,' मी म्हटलं.

ते हसले. पाहुण्याचा विनोद कळला नाही तरी माणूस जसं हसतो, तसं अदबीनं. मग समजावून सांगावं तसं म्हणाले, ती सायकलवरून येते, लांबून येते, उशीर कधी करत नाही. आज काय झालं कुणास ठाऊक. त्यांचे डोळे दाराकडे लागले होते. दारात कुणी नव्हतं. त्या न आलेल्या बाईचा मला इतका हेवा वाटला, की तिला काय झालं असेल ह्याची क्षणभर मलाही काळजी वाटली.

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, तुम्ही तरी दोन घास घ्या, ती येईपर्यंत. ते नाही म्हणाले, तिच्या आधी जेवायचं नाही. पण पाहुण्याला ताटकळत ठेवलं म्हणून ती बोलेल, म्हणून त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. स्वतःच्या हातानं माझ्यापुढे भात वाढला, त्यावर वरण, बाजूला लाल भोपळ्याची भाजी. थोडी टेबलावर सांडली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी वाढलं नव्हतं. मी सकाळी एकटीनं केलेला तो स्वयंपाक पाहुणी म्हणून जेवायला लागले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, भाजी कशी झालीय. मी म्हटलं, बरी झालीय.

'बरी?' त्यांच्या कपाळाला आठी पडली. दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि मग टेबलावरून माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, 'अहो, हिच्या हाताला जी चव आहे ना, ती मी कुठे बघितली नाही. फक्त तिला सांगू नका.'

'नाही सांगणार,' मी म्हटलं.